झाडीतला व्हॉल्व्ह

आमची कॉलनी अंबरपेठेत येते की नल्लकुंट्यात, हे टँकरवाल्यांना आजवर ठरवता आलेलं नाही. अंबरपेठचा टँकरवाला म्हणतो नल्लकुंट्याला फोन करा, नल्लकुंट्याचा म्हणतो अंबरपेठला. निम्मी घरं निजामाच्या राज्यात बिदर, उदगीर, परभणीकडून येऊन इथं त्याच्या राजधानीतच मुरलेल्यांची. बाकीची अलीकडे पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेल्यांची. जुने लोक नव्यांना ‘तिकडचे’ म्हणतात. नवे लोक जुन्यांना ‘तुमचं मराठी किती गोड आहे हो’ म्हणतात. यात जास्त अपमान कुणाचा होतो, यावर एकमत नाही.

कॉलनीच्या मधोमध दोन प्लॉटांएवढी झाडी आहे. आम्ही तिला जंगल म्हणतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी अध्यक्ष हणमंतरावांनी कुठंसं ऐकून ती लावून घेतली. रोपं हाताहातावर लावायची, म्हणजे ती उजेडासाठी एकमेकांशी भांडतात आणि भांडताभांडता झपाट्यानं वाढतात, अशी ती पद्धत. कॉलनीला ती लगेच पटली. पहिली तीन वर्षं रोपांना रोज पाणी लागणार होतं. बोअरच्या लाइनीतून एक फाटा काढून झाडीच्या पोटात नेला, त्यावर व्हॉल्व्ह बसवला, आणि तो उघडायची-मिटायची जबाबदारी केशवरावांनी घेतली. केशवराव काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून नुकतेच निवृत्त झाले होते. वेळेवर काहीतरी उघडणं आणि वेळेवर मिटणं याची त्यांना सवय होती.

झाडं मोठी झाली, पाणी बंद झालं, आणि झाडी इतकी माजली की आत कुणी जाईना. आत नाग आहे असं ठरलं. पाहिला कुणीच नव्हता, पण समोरच्या घरातल्या भामावहिनी नागपंचमीला फाटकाशी दुधाची वाटी ठेवत आणि सकाळी वाटी रिकामी असे. कॉलनीतली मांजरं फार धष्टपुष्ट आहेत, ही गोष्ट वेगळी.

गेल्या पावसाळ्यानं दगा दिला आणि यंदा फाल्गुनातच बोअर खोकायला लागली. मोटर चालू केली की अर्धा वेळ हवा ओढायची. मे लागला तेव्हा नळ दिवसाआड आला होता, आणि कॉलनीचे दोन पक्ष पडले होते.

पहिल्या पक्षाचा पुढारी विक्रम. नारायणगुड्यात त्याचं सॅनिटरी फिटिंगचं दुकान आहे आणि कॉलनीचा सेक्रेटरीही तोच. त्याचं म्हणणं, “एका झाडाच्या जागेत तीन-तीन झाडं उभी आहेत. तिघंही पितात. बाहेर सगळं वाळून कोळ झालंय, आणि आपलं जंगल बघा, हिरवंगार. कुणाच्या पाण्यावर? विरळणी करा. निम्मी काढा, उरलेली जगतील आणि आपण पण जगू. जगात सगळीकडे करतात, दुष्काळ पडला की.”

दुसऱ्या पक्षाचा पुढारी मंदार. तो पुण्याचा. त्याचं म्हणणं, “झाडं काढलीत की जमीन तापणार. तापलेल्या जमिनीवर पाऊस पडला तर तो वाहून सरळ मुसी नदीत. मुळं आहेत म्हणून पाणी आत जातं. पुरावा हवाय? संध्याकाळी फाटकाशी उभे राहा. मे महिन्यात बेडूक ओरडतायत आत. जंगलानं ओल धरून ठेवलीय.” बेडकांचं ओरडणं त्यानं फोनवर रेकॉर्ड केलं होतं आणि तो ते लोकांना जेवताना ऐकवत असे.

हिरवी पानं हा एका पक्षाचा पुरावा आणि बेडूक हा दुसऱ्याचा. दोघांचंही म्हणणं मुळात खोटं नव्हतं. एवढं मात्र खरं की आत जाऊन कुणीच पाहिलं नव्हतं.

एकदा तसा प्रसंग आला होता. गुढीपाडव्याच्या सभेत हणमंतरावांनी विचारलं होतं, “अरे विक्रम, ते झाडीतलं जुनं कनेक्शन चालू-बिलू नाही ना राहिलं?”

“मी स्वतः आत जाऊन बघून आलो, काका,” विक्रम म्हणाला होता. “व्हॉल्व्ह टाइट बंद आहे.”

नागाच्या घरात जाऊन आला म्हणून टाळ्या पडल्या होत्या. भामावहिनींनी त्याची दृष्ट काढली होती.

आता सभा रविवारी होती. परवानगी आली होती, कटाईवाला ठरला होता, सभेनं हो म्हटलं की सोमवारी करवती येणार. मतं मोजायची तर बरोबरी होत होती, आणि दोन्ही पक्षांनी एका मतावर नजर ठेवली होती. ते होतं सुनंदाकाकूंचं, म्हणजे केशवरावांच्या बायकोचं.

केशवरावांची स्मरणशक्ती तीन वर्षांपासून उतरत चालली होती. सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नसे. रोजची पांघरुणं धुवावी लागत. त्यामुळं कॉलनीत पाण्याची सगळ्यांत जास्त गरज कुणाला असेल तर सुनंदाकाकूंना. पण दुपारच्या चहानंतर केशवराव झाडीच्या फाटकाकडं फिरायला जात आणि तासाभरानं शांत होऊन परत येत. दिवसातला तेवढाच वेळ ते ‘आपलं घर कुठाय, घरी चला’ म्हणत नसत. त्यामुळं झाडीचीही सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच. विक्रम येऊन म्हणे, “काकू, पाणी तुमच्यापेक्षा कुणाला जास्त लागतंय?” मंदार येऊन म्हणे, “काकू, काकांचं जंगल आहे ते.” काकू दोघांनाही चहा देत. अर्धा कप. पाण्याची टंचाई होती.

मुलगा श्रीकांत पुण्याला असतो. तो दर फोनला एकच बोले. “आई, इथं एक सेंटर आहे, फार चांगलं आहे. बाबांना तिथं ठेवू. तू पण ये. पुन्हा काही तक्रार आली ना, तर मी येऊन घेऊनच जाणार आहे.” पुन्हा म्हणजे, दिवाळीत केशवरावांनी गॅस उघडा ठेवला होता आणि कॉलनीनं श्रीकांतला फोन केला होता. फोन विक्रमनं केला होता. सेक्रेटरी म्हणून ते त्याचं कामच होतं.

काकू एकदा ते सेंटर बघून आल्या होत्या. स्वच्छ होतं. दारं बाहेरून बंद होत होती.

गुरुवारी केशवराव झाडीकडून आले आणि काकूंनी दारात त्यांच्या चपला पाहिल्या. चपलांना चिखल होता.

त्यांनी तो नखानं खरवडून पाहिला. ओला होता. अंबरपेठ ते काचीगुड्यापर्यंत त्या दिवसांत थुंकायला ओल नव्हती. चिखल आणला कुठून?

“कुठं गेला होतात हो?”

“पोरांना पाणी दिलं,” केशवराव म्हणाले आणि हातातली काठी दारामागच्या खिळ्याला अडकवली. काकूंनी आज पहिल्यांदा त्या काठीकडं नीट पाहिलं. ती काठी नव्हती. हातभर लांबीची लोखंडी चावी होती, वर आडवी मूठ असलेली, जमिनीतले व्हॉल्व्ह फिरवायला असते तशी. होळीपासून ते रोज ती घेऊन निघत, आणि काकूंना वाटे, म्हातारा माणूस, आधाराला घेतो.

शुक्रवारी त्या मागोमाग गेल्या. फाटकातून आत शिरल्यावर दहा पावलांत कॉलनी ऐकू येईनाशी झाली. काटे पदर धरत होते. नागाचं नाव न घेता त्या चालत राहिल्या. मध्ये एक खळगा होता. त्यात पाणी होतं. पोटऱ्या बुडतील एवढं, गढूळ, थंड पाणी. काठावर बेडूक बसले होते, सभेला आल्यासारखे. पाइपाच्या तोंडातून भडाभडा धार पडत होती, आणि केशवराव एका जाडजूड करंजाच्या बुंध्यावर हात ठेवून त्याला म्हणत होते, “पी. सावकाश पी. आता मोठं व्हायचंय.”

त्यांच्या डोक्यातून बारा वर्षं गळून गेली होती. झाडं त्यांच्या लेखी अजून गुडघ्याएवढी होती आणि आजची पाळी त्यांची होती. उघडायचं त्यांना आठवत होतं. मिटायचं आठवत नव्हतं.

बोअरचं निम्मं पाणी इथं येत होतं. पानं हिरवी होती ती ह्यामुळं, बेडूक ओरडत होते ते ह्यामुळं, आणि नळाला पाणी नव्हतं तेही ह्यामुळंच. दोन्ही पक्ष ज्यावरून भांडत होते ते सगळं काकूंच्या नवऱ्यानं एका चावीनं केलं होतं.

त्यांना हसू आलं, आणि लगेच ते विरलं. कारण आता सांगितलं तर झाडी वाचेल, नळ येईल, आणि संध्याकाळच्या आत श्रीकांतला फोन जाईल. कॉलनीची पाण्यावाचून तीन महिने परवड केली त्याची ही तक्रार. गॅसपेक्षा मोठी. आणि न सांगावं, तर सोमवारी करवती.

त्यांनी चावी मागून घेतली, व्हॉल्व्ह बंद केला, आणि केशवरावांना हाताला धरून घरी आणलं.

शनिवारी त्यांनी सरळ उपाय करून पाहिला. चावी पिठाच्या डब्यामागं लपवली. केशवरावांनी चहा घेतला, खिळ्याला हात लावला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की काकूंना पाहवेना. घरभर शोधलं. काकू त्यांच्यासाठी सरबत करायला आत गेल्या तेवढ्यात ते बाहेर पडले. कॉलनीतले चौघे चार दिशांना धावले. दीड तासानं एक रिक्षावाला त्यांना घेऊन आला.

“अम्मा, ये बडे मियाँ काचीगुडा टेसन में पार्सल की खिडकी पे खडे थे,” तो म्हणाला. “बोल रहे थे मेरी चावी दो, बच्चे प्यासे हैं. पुलिस को बुला रहे थे वो लोगाँ, मैं बोला मैं लेके जातूँ.”

भामावहिनी सगळं ऐकत उभ्या होत्या. “सुनंदाबाई, किती दिवस सांभाळायचं ओ तुम्ही एकट्यानं,” त्या म्हणाल्या. “पोराला कळवायला पाहिजे की.” त्या वाईट मनानं बोलल्या नव्हत्या, हेच त्यातलं वाईट होतं.

विक्रमनं खिशातला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला. “आज राहू दे, काकू. उद्याची सभा होऊ दे.”

रविवारी सकाळी गच्चीवर सतरंज्या घातल्या. विक्रमनं मोठ्या कागदावर बोअरच्या पातळीचा आलेख आणला होता. तो खाली जात होता. मंदारनं लॅपटॉपवर आलेख आणला होता. तो वर जात होता, पण तो कशाचा होता हे उन्हात दिसलं नाही.

“तुम्ही सांगा, हणमंतकाका,” मंदार म्हणाला. “एकदा तोडलेलं जंगल परत येतं का?”

“जंगल कोण तोडतंय?” विक्रम म्हणाला. “निम्मं म्हणतोय मी. निम्मं. तुमच्या पुण्यात निम्मं म्हणजे सगळं असतं का?”

“पुण्यात आम्ही मोजतो आधी.”

“हौ, मोजा. बेडूक मोजा.”

“शेजारच्या कॉलनीत एक झाड नाही, विक्रम. त्यांची बोअर कधीच गेली.”

“आणि मागच्या गल्लीत पण एक झाड नाही. त्यांची चालू आहे.”

हणमंतराव डोळे मिटून ऐकत होते. ते झोपतात असा प्रवाद आहे, पण त्यांना आजवर कुणी घोरताना पकडलेलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “मतं घ्या.”

हात वर झाले. बरोबरी. सगळ्या गच्चीनं सुनंदाकाकूंकडं पाहिलं. केशवराव त्यांच्या शेजारी बसून सतरंजीचा दोरा उकलत होते.

काकू उठल्या. काय बोलायचं हे त्यांनी रात्रभर जुळवलं होतं आणि उठल्याबरोबर ते गेलं. व्हॉल्व्ह बंद होऊन दोन दिवससुद्धा झाले नव्हते. टाकी भरायला वेळ लागणार होता. त्यांना वेळ हवा होता, दुसरं काही नको होतं.

“मी देव पाण्यात ठेवलेत,” त्या म्हणाल्या.

देव पाण्यात ठेवणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या मूर्ती पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायच्या आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायच्या नाहीत. देवांनाही गैरसोय झाल्याशिवाय ते हालचाल करत नाहीत, असा आमच्या लोकांचा अनुभव आहे.

“पाऊस येईपर्यंत म्हणत नाही मी. टाकी भरेपर्यंत. आठ दिवस द्या. भरली नाही तर माझं मत विरळणीला. हात वर करायला सुद्धा येणार नाही, आत्ताच धरा.”

“काकू,” विक्रम म्हणाला, “प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही देवांना पाण्यात...”

“त्यांना पातेलंभर पुरतं रे. ते कपडे धूत नाहीत.”

“हे काय लॉजिक आहे?” मंदार हळूच म्हणाला, पण त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. देव त्याच्याच बाजूनं बसले होते.

हणमंतराव म्हणाले, “देव पाण्यात असताना कुऱ्हाड नको. आठ दिवस.” आणि डोळे मिटले.

काकू जिना उतरत असतानाच भामावहिनी मागून म्हणाल्या, “थांबा ओ, दर्शन घेते. पुण्य लागतंय.”

काकूंचे पाय जिन्यातच थांबले, कारण देव देव्हाऱ्यात कोरडे ठणठणीत बसले होते. “यांचा हात धरून आणता का जरा, भामावहिनी? मी पुढं होऊन दार उघडते,” त्या म्हणाल्या आणि उरलेल्या पायऱ्या अशा उतरल्या की त्यांच्या गुडघ्यांनी आठवडाभर आठवण काढली. घरात शिरून त्यांनी तांब्याचं घंगाळ ओढलं. भांडी घासायला राखून ठेवलेलं पाणी त्यात ओतलं, आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवतेचे टाक, जे हाताला लागलं ते बुडवलं. दारात चपला वाजल्या तेव्हा गणपती अजून हातातच होता.

भामावहिनींनी वाकून पाहिलं. “कुंकू तर ताजं दिसतंय की. पाण्यावर तरंगायलंय.”

“रोज नव्यानं लावते,” काकू म्हणाल्या आणि गणपतीला अलगद आत सोडलं. त्याची मात्र मनातल्या मनात माफी मागितली.

मग रोजचा क्रम सुरू झाला. चावी परत खिळ्याला आली. चार वाजता केशवराव जात, उघडत, पोरांना पाजत, शांत होऊन येत. ते चहाचा दुसरा कप घेऊन खुर्चीत बसले की काकू पदराखाली चावी घेऊन निघत आणि बंद करून येत. पदराखाली हातभर लोखंड लपत नाही. भामावहिनींनी विचारलंच.

“नागाला नमस्कार करून येते,” काकू म्हणाल्या.

“लोखंड घेऊन?”

“नमस्कार नाही घेतला तर.”

बुधवारी नळ रोज येऊ लागला. गुरुवारी टाकीच्या तोंडाशी पाणी दिसलं. कॉलनीनं आनंदाच्या आधी कारणं शोधली. मंदारच्या पक्षानं म्हटलं, जंगलानं साठवलेलं पाणी आता खाली सोडायला सुरुवात केली. विक्रमच्या पक्षानं म्हटलं, उन्हानं पानं झडली, झाडांची तहान कमी झाली, म्हणजे विचार करा, निम्मी झाडं काढली तर काय होईल. भामावहिनींनी म्हटलं, देव. बेडूक मात्र थोडे कमी ओरडायला लागले होते, आणि मंदार फोन कानाला लावून चिंतेत होता.

विक्रमच्या मनाला हे लागलं. तो गावठी माणूस नव्हता. पाइप विकून त्यानं घर बांधलं होतं, आणि पाणी आपोआप येत नाही हे त्याला ठाऊक होतं. शुक्रवारी दुपारी त्यानं दुकानातले गमबूट आणले, हॉकीची काठी घेतली, आणि काकू फाटकातून आत गेल्यावर पाच मिनिटांनी तोही शिरला.

काकूंनी चावी व्हॉल्व्हवर बसवली होती आणि अर्धी फिरवली होती तेव्हा मागं फांद्या मोडल्या. त्या वळल्या. विक्रम उभा होता. दंडाला ओरखडे, कपाळाला जाळं. त्यानं खळगा पाहिला. पाइप पाहिला. चावी पाहिली. मग कुणालाच न विचारल्यासारखा म्हणाला, “व्हॉल्व्ह इथं आहे होय.”

धार अजून पडत होती.

“काका उघडतात,” विक्रम म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“होळीपासून असेल.”

“काकू, तीन महिने. तीन महिने टँकर. माझ्या आईनं ओल्या फडक्यानं अंग पुसलंय ओ. लोकांनी एकमेकांची तोंडं बघायची सोडली. आणि तुम्ही देव पाण्यात...” त्याचा आवाज चढला आणि नागाच्या आठवणीनं परत उतरला. त्यानं खिशातून फोन काढला.

“श्रीकांतला करतोस?”

“करायलाच पाहिजे. उद्या काका आणखी काही उघडतील. जबाबदारी कुणाची? माझी.”

“कर,” काकू म्हणाल्या. “सभेत पण सांग. सगळं सांग. फक्त पाडव्यापासून सांग.”

विक्रमचा अंगठा फोनवर थांबला.

“पाडव्याला तू आत येऊन बघून गेलास म्हणालास. व्हॉल्व्ह टाइट बंद. तेव्हा हा उघडाच होता रे. हे पाणी तुझ्या पोटऱ्यांना लागलं असतं. आणि बंद करायला ही चावी लागते. एकच आहे. आमच्या दारामागं असते. तू मागायला आला नाहीस.”

कुठंतरी एक बेडूक बोलला आणि गप्प झाला.

“तेव्हाच खरंच आला असतास,” काकू म्हणाल्या, “तर एकही टँकर लागला नसता. तुझ्या आईला पण नाही.”

विक्रमनं हॉकीच्या काठीनं खळग्यातलं पाणी ढवळलं. मग म्हणाला, “साप म्हटलं की माझं असं होतं. लहानपणापासून.”

“माहीत आहे. तू लहानपणी आमच्याकडंच असायचास.”

“आत शिरायला जागा पण नाही ओ. बघा, फाडून टाकलंय मला. म्हणून तर म्हणतोय, विरळ करा.”

“ते मला पटतं,” काकू म्हणाल्या. “विरळ असतं तर तू पाडव्यालाच आला असतास.”

विक्रमला हसू आलं. ते त्याला आवडलं नाही. त्यानं हात पुढं करून चावी घेतली आणि व्हॉल्व्ह बंद केला. सवयीचा हात होता, एका वळशात धार थांबली. “पण हे असं किती दिवस चालणार, काकू? तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर? चावी लपवली तर काका स्टेशनला जातात. पाइप कापून टाकू का? ते उघडतील, पाणी येणार नाही.”

“मग ते दिवसभर इथंच बसतील. पाणी येईपर्यंत.”

“तेही आहे.”

तो व्हॉल्व्हपाशी उकिडवा बसला. पाइपाचं तोंड बोटानं चाचपलं, जाडी पाहिली, आणि डोळे बारीक केले. दुकानात गिऱ्हाईक काहीतरी अवघड मागतं तेव्हा तो असेच करतो. फोन त्यानं खिशात ठेवला.

रविवारी सभेत विक्रम म्हणाला, टाकी भरली आहे, तेव्हा विरळणीचा विषय पाऊस झाल्यावर बघू. पाऊस झाल्यावर मात्र नक्की बघू, कारण झाडी फार दाट आहे हे आपण स्वतः आत जाऊन पाहिलं आहे. या वेळी ते खरं होतं, पण टाळ्या पाडव्यापेक्षा कमी पडल्या. मंदारनं हा जंगलाचा विजय असल्याचं सांगितलं. हणमंतरावांनी देव बाहेर काढायला परवानगी दिली. सुनंदाकाकूंनी घरी येऊन देव पुसले आणि गणपतीला एक मोदक जास्त ठेवला.

त्याच दुपारी केशवराव चावी घेऊन निघाले. काकू बरोबर गेल्या. विक्रम गमबूट घालून खळग्यापाशी आधीच उभा होता. पाइपाच्या तोंडाशी त्यानं आतून एक चकती बसवली होती, मध्ये पेन्सिलीच्या शिशाएवढं भोक पाडून. चकती बाहेरून दिसत नव्हती.

केशवरावांनी चावी बसवली आणि पूर्ण फिरवली. पाइपातून सुतळीएवढी बारीक धार निघाली आणि न वाजता पानांवर पडली. त्यांनी कान दिला. कपाळाला आठी आली.

“बारीक येतंय,” केशवराव म्हणाले.

विक्रम पुढं झाला. “दुष्काळ आहे, काका. सगळ्यांनाच बारीक येतंय.”

केशवरावांनी त्याच्याकडं पाहिलं. हा कोण ते त्यांना आठवलं नाही, पण लाइनवरचा माणूस दिसत होता, आणि सरळ बोलत होता.

“सगळ्यांना सारखं ना?”

“सगळ्यांना सारखं.”

“मग चालेल,” केशवराव म्हणाले, आणि करंजाच्या बुंध्यावर हात ठेवून त्याला समजावून सांगायला वळले.